स्पंज कुणी धुतला?

लातुरात माझं फिशटँकचं छोटं दुकान आहे. मासे विकून फार सुटत नाही, पोट चालतं ते महिन्याच्या सफाईवर. दवाखाने, कापडाची दुकानं, दोन-चार बंगले. त्यातल्याच एका दवाखान्यात हा चार फुटी टँक. सहा वर्षं जुना, तळाला गुलाबी-निळे खडे, आत पाच गोल्डफिश.

मे महिन्यात डॉक्टर मॅडमचा फोन आला. "अहो, तो मोठा मासा आ करून बसलाय, तोंडच मिटेना." गोल्डफिशला तळातले खडे चघळून थुंकायची खोडच असते, एखादा नेमका अडकतो. हात ओले करून त्याला धरला, डोकं खाली केलं आणि अंगठ्यानं गळ्याखाली हलकेच दाबलं. दोनदा काहीच नाही. तिसऱ्यांदा हरभऱ्याएवढा गुलाबी खडा टप्पकन बादलीत. बसलेल्या पेशंटांत एकदम हशा पिकला. मॅडम म्हणाल्या, "हे खडे काढून वाळू टाका. रविवारी दवाखाना बंद असतो, एका दिवसात उरका."

वाळूचं नाव काढलं की आमच्याकडं माणूस आधी इकडंतिकडं बघतो. ओळखीच्या मिस्त्रीला एक पोतं मागितलं तर म्हणाला, "माशाला? इथं माझा स्लॅब अडकलाय वाळूपायी!" तरी दिलं बिचाऱ्यानं. मूठभर वाळूवर फरशी धुवायच्या ॲसिडचे थेंब टाकून पाहिले. पांढऱ्या कणांवर फेस आला, म्हणजे चुनखडी, ती पाणी जड करते. नाजूक माशांसाठी ती वाळू मी घेतली नसती. पण गोल्डफिशला जड पाणी चालतं, आणि इथलं बोअरचं पाणी तसंही जडच. मोठे कण चाळून काढले.

दीड इंचाच्या थराला तीस-पस्तीस किलो वाळू लागते. ती गढूळपणा जाईपर्यंत धुवायची म्हणजे बादल्याच बादल्या. 2016 साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात भर उन्हाळ्यात वाळूला आंघोळ घालताना शेजारच्या काकूंची नजर पाठीत टोचत होती. सगळं पाणी त्यांच्याच लिंबाच्या बुडाशी सोडलं, तेव्हा कुठं त्या आत गेल्या.

रविवारी मासे जुन्याच पाण्याच्या टपात ठेवले, फिल्टर टपाला लावून चालू ठेवला. खडे उपसायला लागलो तर खालच्या थरातून सडक्या अंड्याचा वास. सहा वर्षांचं उरलेलं खाणं अन् विष्ठा तिथं हवेवाचून सडत होती. पण त्याच खड्यांच्या वरच्या थरावर टँकचा जीवही असतो. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून अमोनिया सुटतो, तो त्यांनाच विष. खड्यांवर अन् फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नव्या टँकात ही फौज उभी राहायला चार-सहा आठवडे लागतात.

म्हणून खडे टप्प्याटप्प्यानं काढावेत, निदान मूठ-दोन मुठी जाळीच्या पिशवीत घालून टँकात लटकवाव्यात. मला हे माहीत होतं. पण अर्धी वाळू, अर्धे खडे असा टँक दवाखान्यात महिनाभर कोण ठेवू देणार? म्हटलं, स्पंज आहे की, तो सांभाळेल. खडे मागच्या अंगणात उन्हात ओतले. वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर अलगद पाणी सोडलं. वाळूचे कण मोटार खातात म्हणून पाणी निवळल्यावरच फिल्टर सुरू केला. संध्याकाळी टँक असा दिसत होता की मीच दोन फोटो काढले.

बुधवारी सकाळी तिथल्या मामांचा फोन. मामा म्हणजे दवाखान्याचे जुने कंपाउंडर. "भाऊ, मासे समदे वर येऊन तोंड मारायलेत बगा."

अमोनियाच्या टेस्टचं पाणी पिवळं राहायला हवं, ते गडद हिरवं झालं. आमचं पाणी अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट वळणाचं, त्यात मे महिना. अशा गरम, अल्कली पाण्यात अमोनिया जास्तच विषारी होतो. फिल्टर उघडला. स्पंज नव्यासारखा पिवळाधमक, त्याला कपड्याच्या साबणाचा वास.

"मामा, स्पंज कुणी धुतला?"

"म्याच की. काळाकुट्ट झालता. तुमी एवढा टँक चकाचक केला अन् तेवढंच राह्यलं, म्हणून सोमवारी घासून काढलं."

काय बोलणार? अर्धी फौज मी उन्हात वाळत घातली होती, उरलेली त्यांनी साबणानं धुतली. सांगून जायला हवं होतं, ते मी गेलो नव्हतो.

स्पंज फेकला. दुकानातल्या जुन्या गप्पीच्या टँकमधला मळका स्पंज ओलाच आणून बसवला. अर्धं पाणी बदललं, नव्या पाण्यात अँटीक्लोरीन टाकलं, हवेचा पंप वाढवला, खाणं बंद केलं. पुढं आठवडाभर रोज जाऊन पाणी बदलत होतो. सगळ्यात लहान मासा गुरुवारी गेला. बाकी चार वाचले. त्या महिन्याचे पैसे मी घेतले नाहीत, आणि मॅडमनीही दिले नाहीत.

आता तो मोठा मासा वाळूचा घास घेतो आणि कल्ल्यांतून धूर सोडल्यासारखी बाहेर टाकतो. पोरं काचेला नाक लावून बघतात. मी फिल्टर उघडला की मामा हात मागं बांधून शेजारी उभे राहतात.

"हे आसंच काळं ठिवायचं न्हवं?"

"टँकच्याच पाण्यात दोनदा पिळायचं, मामा. बस्स."

खडे त्यांनी अंगणातून वेचून तुळशीभोवती मांडलेत.