बसू द्या की जोडीनं

मी सोलापुरात पाळणे चालवतो. नवरा-बायकोला वेगळं का बसवतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. एरवी मी याचं उत्तर दोन वाक्यांत देतो आणि पुढचा डबा भरतो. प्रश्न ठरलेला असतो: "नवरा-बायको आहेत हो ते, वेगळं कशाला बसवताय? बसू द्या की जोडीनं!" रांगेतली पोरं विचारतात, कठड्याबाहेर पिशव्या आणि चपला सांभाळत उभ्या असलेल्या सासवा विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा विचारतो. एका गृहस्थांनी तर माझंच लग्न झालंय का, असं विचारलं होतं. झालंय.

मुळात मी सगळीकडे वेगळं बसवत नाही. आकाशपाळण्यात जोडीनंच बसवतो. फक्त एकच जोडपं घेऊन चाक फिरवत नाही. सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक वेळा एकच जोडपं असतं. ते एका डोलीत बसलं की सव्वाशे किलो एकाच बाजूला येतं. मग चढताना मोटर कण्हते आणि उतरताना चाक स्वतःच पुढं धावायला बघतं. म्हणून बरोबर समोरच्या डोलीत वाळूची पोती ठेवतो, किंवा दुसरं जोडपं येईपर्यंत थांबवतो. वीज गेली तरी याचा उपयोग होतो. ब्रेक स्प्रिंगचा असतो, वीज गेली की आपोआप लागतो. तो हातानं सैल केला की तोललेलं चाक चार माणसं कडं ओढून सावकाश फिरवतात. एका बाजूनं जड असलेलं चाक मात्र ब्रेक सोडताच सुटायला बघतं. पण हे कुणाला सांगणार? "तिकीट काढलंय, फिरवा की."

झुलणाऱ्या नावेतही जोडीनं बसा. भीती वाटत असेल तर मधल्या रांगेत, पोटात गोळा हवा असेल तर टोकाला. इतकंच.

भांडण होतं ते लाटगाडीवर. पाटीवर तिचं नाव इंग्रजीत आहे, आम्ही तिला लाटगाडी म्हणतो. गोल रुळावर वरखाली होत पळणारे दोघादोघांचे डबे. मध्यापासून डब्याचं अंतर ६ मीटर, मिनिटाला १२ फेरे, म्हणजे एक फेरा ५ सेकंदांचा. वेग काढला तर ताशी २७ किलोमीटर. लुनासुद्धा याहून पळते, म्हणून लोक हसतात. पण लुना इतक्या लहान वर्तुळात पळत नाही. या हिशेबानं माणसाला बाहेरच्या अंगाला ढकलणारा जोर जवळजवळ त्याच्या स्वतःच्या वजनाइतका येतो. ९० किलोचा नवरा आतल्या बाजूला आणि ४५ किलोची बायको बाहेरच्या बाजूला बसली, तर तो पूर्णवेळ तिच्यावर सरकत राहतो. बाक फायबरचं, गुळगुळीत. त्याची पँट जेवढं धरेल तेवढं धरते, उरलेले साठ-एक किलो तिच्या बरगड्यांवर. तिच्या पलीकडे डब्याची लोखंडी भिंत. तेच दोघं उलटे बसले तर तिचा भार त्याच्यावर पडतो, आणि तो काही तक्रार करत नाही. म्हणून नियम असा की जड माणूस बाहेर, हलका आत. एवढं पाळलं तर जोडीनं बसायला माझी काही हरकत नसते.

हरकत येते दांड्याची. डब्यात दोघांना मिळून मांडीवर येणारा एकच दांडा आहे. तो खटक्याखटक्यानं खाली येतो आणि ज्याची मांडी किंवा पोट आधी लागेल तिथं थांबतो. जाड माणसाच्या पोटाला तो तिसऱ्या खटक्याला लागला, तर बारीक माणसाच्या मांडीवर वीतभर पोकळी राहते. चार बोटांपर्यंत मी चालवून घेतो. त्याहून जास्त असली की तिला दुसऱ्या डब्यात, तिच्या अंगाच्या कुणाबरोबर, नाहीतर एकटीला. याच क्षणाला सगळे चिडतात. "बायकोचं वजन विचारताय?" मी वजन विचारत नाही, बोटं घालून पोकळी मोजतो. त्यावरही चिडतात. आता सांगा, करायचं काय?

खोपोलीच्या इमॅजिका पार्कला जाऊन आलेले मला सुनावतात की तिकडं असलं काही नाही. बरोबर आहे. तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरवर प्रत्येक खुर्चीला खांद्यावरून खाली येणारं स्वतंत्र कवच आहे. शेजारी कोण बसलंय याच्याशी त्या कवचाला देणंघेणं नाही. माझ्या डब्याला आहे.

सकाळी या, हेही मीच सांगतो, आणि त्यावरूनही बोलणी खातो, कारण रोषणाई संध्याकाळी असते. सोलापुरात मार्चनंतर बारा वाजता लोखंडी कठड्याला हात लावून बघा, मग बोला. जानेवारीत गोष्ट वेगळी. पहाटे दव पडतं आणि नावेखालचं टायर ओलं होतं. नाव त्या टायरच्या घासण्यावरच चालते, ओलं टायर नुसतंच घसरतं. आम्ही ते पुसतो, तीन फेऱ्या रिकाम्या मारतो, मग माणसं घेतो. त्यामुळं दहाचं तिकीट असलं तरी नाव सव्वादहाला सुरू होते. आधी आकाशपाळणा, मग नाव, मग गरगर फिरणारे पाळणे, असा क्रम ठेवलात तर पोट ऐकतं. डिस्को भजी खाऊन सरळ लाटगाडीत बसायचं नाही, तासभर जाऊ द्यायचा. आणि फिरताना एकमेकांकडं मान वळवून बघायचं नाही. गोल फिरत असताना मान हलवली की कानातला तोल बिघडतो, मळमळ तिथूनच सुरू होते. नजर समोर, डब्याच्या कडेवर. जोडप्यांना हे पटत नाही. फोटोसाठी गाल गालाला लावतात आणि उतरल्यावर नवरा कठडा धरून बसतो.

आता ती सकाळ. हे टाळून उत्तर देता येत नाही.

संक्रांत होऊन दोन-तीन दिवस झाले होते. सिद्धेश्वराची गड्डा जत्रा भरलेली, म्हणजे संध्याकाळी सगळं गाव होम मैदानावर. आमच्याकडं सकाळी तुरळक माणसं. या दिवसांत नवी जोडपी जास्त येतात, यात नवल नाही. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लावायची ही जत्रा. अक्षता टाकून झाल्या की माणसं पाळण्यांकडं वळतात. ते जोडपं गर्दी नको म्हणून आमच्याकडं आलेलं. तिच्या हातात हिरवा चुडा, कोपरापर्यंत नसला तरी भरगच्च. तो अंगानं दणकट, ती किरकोळ.

डब्यात चढायचं बाहेरच्या बाजूनं. जो आधी चढतो तो आत सरकतो. रांग असली की आमचा पोऱ्या "ताई आधी" म्हणतो आणि काम होतं. त्या दिवशी रांग नव्हती, घाई नव्हती. पायरी ओली होती. नवरा आधी चढला, वळला आणि तिला हात दिला. तिनं हात धरला, चढली, त्याच्या शेजारी बसली. बाहेरच्या बाजूला. बघायला इतकं छान दिसत होतं की मी काही बोललो नाही. दांडा खाली आला, तीन खटके. बोटं घातली नाहीत. मालकांच्या घरचा एक पाहुणा माझ्या खोक्यापाशी उभा होता. तो म्हणाला, "बसू द्या की जोडीनं." पण त्यानं म्हटलं म्हणून मी बसवलं, असं सांगणं खोटं ठरेल. मी आधीच बसवलेलं होतं.

वेग वाढायला ३० सेकंद लागतात. पहिल्या तीन-चार फेऱ्या ती हसत होती. पूर्ण वेग आल्यावर हसायची थांबली. लांबून हसणारा आणि कळवळणारा चेहरा सारखाच दिसतो, त्यात डबा दर पाच सेकंदांनी एकदाच समोर येतो. मला कळायला दोन फेरे गेले. तिचा डावा हात भिंत आणि शरीर यांच्यात अडकला होता, आणि नवऱ्याला सरकून जाता येत नव्हतं. तो प्रयत्न करत होता. दांड्याला धरून आत ओढत होता स्वतःला, पण दर उतारावर पुन्हा तिच्यावर यायचा.

थांबवायला माझ्यासमोर दोन बटणं. लाल बटण दाबलं की वीज तुटते, ब्रेक लागतात, गाडी तीन सेकंदांत थांबते. एसटीनं करकचून ब्रेक मारावा तसं. हिरव्याशेजारचं साधं बटण दाबलं की ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी पेटी, वेग हळूहळू उतरवते, २० सेकंदांत. म्हणजे आणखी दोन फेरे. तिच्या मांडीवर वीतभर पोकळी होती हे तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख आलं. झटका बसला तर ती दांड्याखालून पुढं घसरेल, असं वाटलं. मी साधं बटण दाबलं.

ते दोन फेरे. हिशेब माझ्या बाजूनं आहे: वेग निम्मा झाला की जोर पावपट होतो, आणि पहिल्या सहा सेकंदांतच जोर निम्म्यावर येतो. मी हा हिशेब नंतर मांडला. त्या वेळी फक्त बटणावर बोट ठेवून उभा होतो.

डबा थांबला तेव्हा मनगटातून रक्त येत होतं. काचा बाकावर, तिच्या पदरात. पोऱ्या धावला आणि ओरडला, "बांगड्या फुटल्या!" नवरा त्याच्यावर एकदम खेकसला, "वाढल्या म्हण!" मुका मार, मनगटाला टाके, बरगडीला सूज. हाड मोडलं नव्हतं. ती मुलगी रडत नव्हती, काचा वेचत होती. सासूला काय सांगायचं, एवढंच नवऱ्याला विचारत होती. नवरा मला काही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो की नियमात सगळं बसत होतं. उंची होती, डब्याचं एकूण वजन मर्यादेत होतं, दांडा लागला होता, कुणी गरोदर नव्हतं, पाटीवरच्या एकाही ओळीचा भंग झाला नव्हता. खरंच नव्हता. जाड बाहेर, बारीक आत, हे आमच्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं, ते मला तोंडी माहीत होतं. म्हणजे पाटी निर्दोष आणि मी दोषी. हे उलट करून बघायचा प्रयत्न मी पुष्कळ केला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. वर्षभर लाटगाडीवर एकाही जोडप्याला एकत्र बसवलं नाही. सारख्या अंगाचे असले तरी नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला त्याच वर्षात पाहिलंय, माझं नाव तेव्हाच खराब झालं. तो अतिरेक होता, मान्य. पण त्या वर्षात मी एकदाही बोटं घालून पोकळी मोजली नाही, कारण गरजच नव्हती. भांडणं रोजची असली तरी डोकं शांत होतं. आता पुन्हा मोजतो, पुन्हा ठरवतो, आणि पुन्हा चुकू शकतो. यातलं बरं कोणतं, ते मला सांगता येत नाही. जरा जास्त वाटलं तर ड्राइव्हवर वेग १२ फेऱ्यांवरून १० वर आणतो. जोर वेगाच्या वर्गानं बदलतो, त्यामुळं एवढ्यानंच तो तीस टक्क्यांनी उतरतो. तर लोक म्हणतात, गाडी म्हातारी झाली.

पायरीशी आता स्टीलचा खांब बसवलाय, म्हणजे नवऱ्यानं हात द्यायची गरज पडू नये. बायकांनी खांब धरून आधी चढायचं. आधी आमचा पोऱ्या हात द्यायचा, तर "तू कोण रे हात धरणारा?" यावरून एकदा मारामारीपर्यंत गेलं. खांबाचं काही चुकत नाही. पण नवरे अजूनही आधी चढतात आणि वळून हात देतात. मग मी माइकवरून सांगतो, साहेब, खाली उतरा, त्यांना आधी येऊ द्या. लाजतात बिचारे. काही जण चिडून निघून जातात.

आणि थांबायची ती २० सेकंदं. लाल बटण दाबायला हवं होतं, असं माझ्याबरोबर काम करणारा एक जण आजही म्हणतो. त्याचं म्हणणं, तीन सेकंदांचं चेपणं आणि वीस सेकंदांचं चेपणं यात फरक आहे, आणि ती घसरली नसती, तिचा हात अडकलेलाच होता. असेल. मशीन बनवणाऱ्यांच्या इंजिनिअरशी बोलून आम्ही ती वेळ १६ सेकंदांवर आणली. १२ सेकंदांत थांबवलं तर रिकाम्या डब्यांत ठेवलेली वाळूची पोती पुढं सरकत होती, १६ ला सरकली नाहीत. पण पोत्याला मनगट नसतं. उद्या कुणी विचारलं की १६ च का, तर मी पोत्यांचं सांगेन.