बाबांची मॅटाडोर भंगारात देताना

वाईच्या घराच्या अंगणात आमची मॅटाडोर व्हॅन 2016 च्या पावसाळ्यापासून उभी होती. शेवटी पसरणी घाटातून उतरताना गिअर अडकला, बाबांनी ओळखीच्या ट्रॅक्टरला बांधून ती घरी आणली आणि "दिवाळीनंतर बघू" म्हणाले. 2021 मध्ये बाबा गेले. तोवर गाडीची चारही चाकं मातीत रुतली होती आणि खालच्या पत्र्याला बोट लावलं तरी पापुद्रे निघत होते.

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. 1997 साली त्यांनी ही गाडी जुनी घेतली. ती 1994 ची, आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या कारखान्यातली. मागच्या सीटा काढून त्यांनी आणि एका सुतारकाकांनी तिचं घर केलं. आडवी फळी टाकून झोपायची सोय, खाली डब्यांचे कप्पे, पाच किलोची शेगडी, पाण्याचं पिंप, आईच्या जुन्या साड्यांचे पडदे. टपावर कॅरिअर आणि मागे शिडी, कारण दुर्बीण वर चढवायची असे. 11 ऑगस्ट 1999 च्या खग्रास सूर्यग्रहणाला आम्ही हिच्यातूनच भुजपर्यंत गेलो. आम्ही होतो तिथे ढगांनी सूर्य झाकला, पण भर संध्याकाळी अचानक पडलेला तो अंधार मला अजून आठवतो. 2001 च्या नोव्हेंबरात सिंह राशीतल्या उल्कांचा वर्षाव झाला, ती रात्र आम्ही घाटात टपावर पडून काढली. दादाला नि मला एकच रजई होती.

तर ही गाडी काढायची, एवढं ठरायला आम्हाला चार वर्षं लागली. निमित्त झालं नंबरप्लेटचं. एप्रिल 2019 पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, बसवायची मुदत 2025 मध्ये एकामागून एक वाढत होती. आईने फोनवर विचारलं, "आपल्या गाडीला पण लावायची का गं?" बंद गाडीला प्लेट लावून काय करणार? पण गाडी सरकारी नोंदीत अजून आहे की नाही, हे बघायला मी सरकारच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकला. नोंदच सापडली नाही.

त्याआधी गावातल्या भंगारवाल्यांना मी विचारलं होतं. माणूस भला. गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "ताई, चाळीस हजार रोख. उद्या उचलतो. नंबरप्लेटा तुम्ही काढून ठेवा, आरसी पण तुमच्याकडेच राहू दे." मला हा सौदा जवळजवळ पटला होता. दादा नको म्हणाला. त्याच्या ओळखीतल्या एकांनी जीप अशीच दिली होती. ती तोडली गेलीच नाही, कुठल्याशा खाणीवर चालत राहिली, आणि चार वर्षांनी पोलिसांचा फोन त्यांना आला. मोटार वाहन कायद्याचं कलम 55 सांगतं की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी कार्यालयाला कळवायचं. भंगारवाला गाडी नेतो, नाव मागे राहतं. बाबांचं नाव असं कुठे तरी फिरत राहावं, हे आम्हा तिघांनाही नको होतं.

मग रस्ता एकच उरला. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्र. 2021 च्या केंद्रीय नियमांनी ही केंद्रं सुरू झाली, आरव्हीएसएफ म्हणतात त्यांना. चाकणच्या पुढच्या एका केंद्राला मी फोन केला. पलीकडच्या मुलाने शांतपणे सांगितलं, "मॅडम, आधी गाडी वाहन पोर्टलवर यायला हवी. आणि बोजा, म्हणजे आरसीवर कर्जाची नोंद, असेल तर तो उतरायला हवा. मग आमच्याकडे या."

पोर्टलवर यायला आरटीओत 'बॅकलॉग एंट्री' करावी लागते. जुन्या वहीतली नोंद संगणकात चढवणं, एवढाच त्याचा अर्थ. बाबांची फाईल होती म्हणून निभावलं. त्यांच्या फायली दोनच प्रकारच्या असत, 'चालू' आणि 'जुनी'. मॅटाडोरची फाईल 'चालू'च्या गठ्ठ्यात होती. मूळ आरसी पुस्तक, एकरकमी कराची पावती, 2014 ला नूतनीकरण केलं तेव्हाची पर्यावरण कराची पावती, सगळं टाचणीने लावलेलं. पुस्तकात गाडीचा वर्ग 'ओम्नी बस, खासगी' असा होता. कायद्यात चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या गाडीला ओम्नी बस म्हणतात, आणि आमची तर नऊ सीटांची म्हणून नोंदलेली. आत फळी नि शेगडी आहे हे त्या पुस्तकाला कधी कळलंच नव्हतं. मी चासी नंबरवर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेतला, गंजातून आकडे उमटायला अर्धा तास लागला. खिडकीवरच्या बाईंनी पुस्तक उलटसुलट पाहिलं, आईचा मोबाईल नंबर नोंदीला जोडला, आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे बोजा आहे हो."

बोजा एका पतसंस्थेचा होता. 1997 चं कर्ज, बाबांनी 2001 मध्ये फेडलेलं. शेवटच्या हप्त्याची पावती फायलीत होती, पण फॉर्म 35 भरून आरसीवरून बोजा काढायचा राहून गेला होता. आणि पतसंस्था मधल्या काळात बंद पडलेली.

माझे सगळ्यात जास्त दिवस इथे गेले. बंद पडलेल्या संस्थेकडून सही कोणाची घ्यायची? पतसंस्थेच्या जुन्या पत्त्यावर आता मोबाईलचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, इथे असले कागद घेऊन अजून माणसं येतात. मग तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या, म्हणजे सहकारी संस्थांच्या, कार्यालयात गेले. तिथे कळलं की संस्था अवसायनात काढली, म्हणजे गुंडाळायला घेतली, असली तर तिचे व्यवहार मिटवायला अवसायक नेमलेला असतो आणि संस्थेच्या वतीने सही करायचा अधिकार त्याला असतो. अवसायकाचं नाव मिळालं, ते आठवड्यातून एकच दिवस बसायचे. पहिल्या खेपेला ते आले नव्हते. दुसऱ्या खेपेला त्यांनी पावती पाहिली, पण खतावणीशी, म्हणजे खातेवहीशी, ताळा घातल्याशिवाय सही देणार नाही म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. खतावण्या एका गोदामात पोत्यांत भरलेल्या. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्या शिपायाबरोबर ती पोती उघडली. 2001 ची वही वाळवीने कडेने खाल्लेली, पण बाबांचं खातं मधल्या पानावर होतं आणि शिल्लक शून्य. बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला, आणि फॉर्म 35 च्या दोन प्रती घेऊन मी बाहेर आले, तेव्हा हात कोपरापर्यंत धुळीने माखले होते आणि मला फार बरं वाटत होतं. ज्यांचं जुनं वाहनकर्ज सहकारी संस्थेचं आहे, त्यांनी आरसीवरचा शेरा आजच उघडून बघावा, एवढं मी आवर्जून सांगेन. संस्था चालू असताना ही एका सकाळची कामं असतात.

बोजा उतरला. आता गाडी आधी आईच्या नावावर करायची, म्हणजे फॉर्म 31, असा माझा समज होता. केंद्रातल्या मुलाने सांगितलं की मोडीतच काढायची असेल तर आमच्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा चालतो. आम्हाला लागलेले कागद असे: बाबांचा मृत्यूचा दाखला, वारस म्हणून आईचा अर्ज, दादाचं नि माझं संमतीपत्र, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, आईचं आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक. दादा नागपुरात, त्याने तिथे नोटरी करून कुरिअर केलं. गाडी चोरीची नाही ना, हे केंद्र स्वतः सरकारी नोंदीत तपासतं. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी आईच्या फोनवर आला, म्हणून बॅकलॉगच्या वेळीच मोबाईल नंबर जोडून घेतला ते बरं झालं.

गाडी रिकामी करायला एक रविवार लागला. सिलिंडर एजन्सीत परत केला. फळीखालच्या कप्प्यात उंदरांनी घर केलं होतं, पडद्यांचं सूतच उरलं होतं. आईने एक स्टीलचा डबा उघडला, त्यात भुजला जातानाची टोलची चिठ्ठी आणि ग्रहणाचा काळा चष्मा. तिने डबा तसाच बंद करून घरात नेला. गुऱ्हाळवाले एक काका इंजिन मागायला आले, चरकाला लावायचं म्हणाले. द्यावं असं मनात आलं होतं. पण इंजिनाविना गाडी अपुरी धरतात आणि भाव पडतो, शिवाय कागदावरचा इंजिन नंबर जुळायला हवा, म्हणून त्यांना नाही म्हणावं लागलं.

टोइंगवाले सकाळी सातला आले. ब्रेक जाम होते. जॅक लावून एकेक चाक उचललं, ड्रमवर हातोडीने ठोकून मोकळं केलं, खाली फळ्या सरकवल्या, मग विंचने ओढून गाडी फ्लॅटबेडवर चढवली. चाकं मातीतून सुटताना आवाज आला तेव्हा आई ओट्यावरून उठून आत गेली. चालक म्हणाले, "ताई, तुम्ही पुढे बसा माझ्याशेजारी." सुरूर फाट्याला हायवे लागला, खंबाटकीचा बोगदा गेला, कात्रजकडून बायपासने आम्ही देहूरोडला आलो आणि निगडीवरून तळवड्याच्या रस्त्याला वळलो. निगडीच्या शेजारीच आकुर्डी. आरशातून मागे फक्त तिचं तोंड दिसत होतं, दोन गोल दिवे. जिथे ती बनली, त्या गावाला वळसा घालून ती चालली होती. मी चालकांना ते सांगितलं. त्यांनी गाडी थोडी हळू केली, बोलले काहीच नाहीत.

केंद्रात वजनकाट्यावर 1,510 किलो भरलं. भाव किलोला 23 रुपये, म्हणजे 34,730. त्यातून टोइंगचे साडेनऊ हजार गेले. भंगारवाल्यांच्या चाळीस हजारांपेक्षा हे कमी आहे, हे खरं. पण पैसे आईच्या खात्यात आले, आणि काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आधी टाकीतलं डिझेल, मग इंजिन ऑईल, ब्रेक ऑईल, रेडिएटरमधलं पाणी वेगवेगळ्या पिंपांत काढलं. बॅटरी, टायर बाजूला. हे सगळं झाल्याशिवाय कटर लावत नाहीत. आमच्या अंगणात ती तुटली असती तर ते तेल विहिरीशेजारीच मुरलं असतं. मग गॅस कटरने चासी नंबरचा तुकडा कापला. हा तुकडा सहा महिने जपून ठेवावा लागतो, असं तिथल्या सुपरवायझरनी सांगितलं. मला तो हातात घेऊ दिला. पेन्सिलीने ठसा घेतला होता, तेच आकडे.

त्याच दिवशी सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी मोडीत काढायला जमा केल्याचं प्रमाणपत्र, मिळालं. नवी गाडी घेताना ते दाखवलं तर नोंदणी शुल्क माफ होतं आणि रस्ता करात सवलत मिळू शकते. केंद्र सरकारच्या नियमात खासगी गाडीला ही सवलत 25 टक्क्यांपर्यंत आहे, प्रत्यक्षात किती ते राज्याराज्यांत वेगळं. दादाने ते स्वतःसाठी मागून घेतलं. गाडी पूर्ण तोडल्याचं दुसरं प्रमाणपत्र नंतर आलं, आणि वाहन पोर्टलवर आमच्या नंबरापुढची नोंदणी रद्द झालेली दिसली. मी स्क्रीन आईला दाखवली. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"म्हणजे आता ह्यांच्या नावावर कुठे काही अडकलेलं नाही ना?"

"नाही."

तिने दोन्ही प्रमाणपत्रांच्या प्रती मॅटाडोरच्या फायलीत टाचल्या आणि फाईल 'जुनी'च्या गठ्ठ्यात ठेवली. मग 'चालू'मधली पुढची फाईल काढून माझ्यासमोर धरली. मागच्या पडवीत बाबांची स्कूटर आहे, तिची.