डॉक्टरांचा मँडरिन आणि मावशींचं सिंक

ठाण्यातल्या एका डॉक्टरांकडे खाऱ्या पाण्याचा साधारण ३०० लिटरचा टँक आहे, त्यात मँडरिन नावाचा एक रंगीत मासा. रोजचं मावशी बघतात, बाकी देखभाल माझ्याकडे. एका संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, "मँडरिन वाळत चाललाय. जंत झालेत बहुतेक. औषध घेऊन या."

टँकमध्ये औषध घालायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर चालणारं तांब्याचं औषध झिंगे, खेकडे आणि त्यांची सगळी बारीक भावंडं मारून टाकतं. त्यामुळे औषध न घेताच गेलो. पिशवीत टॉर्च, भिंग आणि लांब ड्रॉपर.

मँडरिन दिसायला राजबिंडा. बहुतेक माशांचा निळा रंग हा नुसता प्रकाशाचा खेळ असतो, याच्या कातडीत मात्र खरंखुरं निळं रंगद्रव्य आहे. ते रंग अजून तसेच होते, म्हणूनच डॉक्टरांच्या उशिरा लक्षात आलं असावं. बाजूने बघितलं तर पोट खपाटीला गेलेलं, डोक्यामागे पाठीच्या दोन्ही अंगांना खळगे. तो दगडावर चोच मारल्यासारखा टिपायला जायचा आणि काही न मिळता पुढे सरकायचा. भूक होती, खाणं नव्हतं. हा मासा दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे झिंग्यांच्या जातकुळीतले ठिपक्याएवढे जीव, एकेक वेचून जगतो. बोलताना त्यांना नुसतं पॉड्स म्हणतात. गोठवलेलं खाद्य नाकासमोरून वाहत गेलं तरी बहुतेक मँडरिन ढुंकून बघत नाहीत. विकणाऱ्याने "सगळं खातो" म्हणून सांगितलं होतं म्हणे.

"अहो, पण मी दर रविवारी पॉड्सची अख्खी बाटली ओततो," डॉक्टर जरा दुखावून म्हणाले.

"कधी ओतता?"

"दुपारी, जेवण झालं की."

म्हणजे दिवे चालू, पंप चालू. फ्रिजमध्ये एक बाटली शिल्लक होती, तिच्यातलं थोडं ओतायला सांगितलं. त्यांचा हात काचेच्या वर आला आणि कोळणीच्या टोपलीभोवती मांजर यावं तसा सिक्सलाइन रास वर येऊन थांबला. सहा रेघांचा, बोटाएवढा मासा, पण पॉड्स टिपण्यात मँडरिनपेक्षा कितीतरी चपळ. थोडे त्याने खाल्ले. उरलेले पाण्याच्या ओढीने थेट ओव्हरफ्लोकडे, म्हणजे टँकमधलं पाणी खाली फिल्टरकडे जातं त्या वाटेने गेले.

मग दिवे बंद करून थांबलो. पॉड्स रात्री बाहेर पडतात. चांगल्या टँकच्या काचेवर टॉर्च मारली की पांढरे ठिपके झटके देत पळताना दिसतात. इथे काच कोरडी वाटावी इतकी स्वच्छ. दगडांच्या फटीतून ड्रॉपरने पाणी ओढून भिंगाखाली धरलं, त्यातही काही नाही.

शेवटी संप, म्हणजे टँकखालची फिल्टरची टाकी, उघडला. ओव्हरफ्लोचं पाणी फिल्टर सॉकमधून, म्हणजे गाळायच्या कापडी पिशवीतून, खाली पडत होतं. सॉक काढून टँकच्याच पाण्याच्या भांड्यात उलटा केला, टॉर्च लावली आणि डॉक्टरांना बोलावलं. भांडं अक्षरशः वळवळत होतं. नुकते ओतलेले तर होतेच, शिवाय बारीक पिल्लंही होती. काही माद्यांच्या पोटाशी अंड्यांची पिशवी. म्हणजे वंश वाढत होता, पण अडकत होता गाळणीत.

मावशी मागे येऊन वाकून बघत होत्या. "हे किडे होय? ती पिशवी मी रोज सकाळी नळाखाली खळाखळा धुते की!" गोड्या पाण्यात हे जीव टिकत नाहीत. डॉक्टरांनी पैसे मोजून आणलेले पॉड्स स्वयंपाकघरातल्या सिंकमधून ठाण्याच्या गटारात चालले होते. मावशींचा चेहरा उतरला. मी डॉक्टरांसमोरच म्हटलं, मावशींना कोणी सांगितलंच नव्हतं. आणि मासा बारीक होतोय हे पहिल्यांदा त्यांनीच बोलून दाखवलं होतं, हेही तेव्हाच कळलं.

आणखी एक कारण होतं. आपल्याकडे समुद्रातून कोरलचा दगड काढणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे आपले टँक कोरड्या, कृत्रिम दगडांवर उभे राहतात. त्या दगडांबरोबर जीवसृष्टी येत नाही. ती बाहेरून आणून वसवावी लागते, आणि वसायला आडोसा लागतो.

त्या रात्री सॉक काढून ठेवला, पाण्यात तरंगणारे बारीक जीव मारणारा यूव्ही दिवा बंद केला. रासला पकडायला दगड हलवावे लागले. तो माझ्याकडे आला. संपचा एक कप्पा मोकळा करून त्यात चीटो नावाच्या गुंतवळासारख्या शेवाळाचा गोळा ठेवला आणि वर रात्री जळणारा दिवा. दगडाचे तुकडे भरलेली जाळीची टोपली खाली मागच्या बाजूला. नवीन बाटली यापुढे दिवे गेल्यावर, पंप थांबवून, नळीने दगडांच्या बुडाशी सोडायची. पॉड्सचं खाद्य म्हणून फायटोप्लँक्टन, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती, रोज थोडं, पाणी हिरवं होईल इतकं कधीच नाही. काच मावशींनी फक्त समोरची पुसायची.

पण टिस्बे जातीच्या पॉडला अंड्यातून मोठं व्हायला दहा-बारा दिवस तरी लागतात, आणि मँडरिनकडे तेवढा वेळ नव्हता. त्याला जाळीच्या डब्यात टँकमध्येच लटकवलं आणि आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक झिंग्याची ताजी पिल्लं द्यायला सुरुवात केली. ती फुटल्या दिवशीच द्यावी लागतात; बलक संपला की त्यात सत्त्व फारसं राहत नाही. आर्टेमियाची अंडी उबवायचं काम मावशींनी उचललं. मीठ, हवेची नळी, दिवा, पिल्लं गाळून घेणं, सगळं एकदा बघून त्यांना जमलं.

मँडरिन सावकाश भरत गेला. पाठीचे खळगे बुजायच्या आधीच मागच्या काचेवर पॉड्सचे ठिपके दिसायला लागले, तेव्हा त्याला डब्याबाहेर सोडला.

आता डॉक्टरांना त्याच्यासाठी मादी हवी आहे. मी नाही म्हटलंय. ३०० लिटरमध्ये एकाचंच कसंबसं भागतं. दुकानदार देईल, हे मला माहीत आहे. म्हणून मावशींनाही सांगून ठेवलंय.