गावाचा कर, राज्याचा वाटा: मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांचा हिशेब

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात नव्याने आलेलं मराठी कुटुंब घर शोधायला लागलं की पहिला प्रश्न शाळेचा. ‘त्या टाउनच्या शाळा कशा आहेत?’ सरकारी शाळेला फी नाही, पण सहसा ज्या गावात राहाल त्याच गावच्या शाळेत मूल जातं. त्यामुळे नावाजलेल्या शाळांच्या गावात घरं महाग. घरं महाग म्हणून मालमत्ता कर भरपूर, कर भरपूर म्हणून शाळा आणखी चांगली. आपण सगळे या चक्रात आत कसं शिरायचं एवढंच बघतो. शेजारच्या गावातल्या मुलाचं काय होतं, हे विचारायला मला बरीच वर्षं लागली.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. इथे शाळा ही आधीपासून गावाची जबाबदारी. अमेरिका हा देश जन्माला येण्याच्याही सव्वाशे वर्षं आधी, १६४७ साली, इथल्या वसाहतीने कायदा केला होता की ५० कुटुंबांच्या गावाने मुलांना लिहावाचायला शिकवणारा शिक्षक नेमावा. या परंपरेचा इथल्या लोकांना अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. पण तिच्याबरोबर खर्चही गावावर आला.

समजा, एका गावात दर विद्यार्थ्यामागे २० लाख डॉलरची मालमत्ता आहे आणि दुसऱ्या गावात २ लाखांची. दोघांनी शाळेसाठी एक टक्का कर लावला, तर पहिल्याकडे मुलामागे २०,००० डॉलर जमतात आणि दुसऱ्याकडे २,०००. दुसऱ्या गावाने दर दुप्पट केला तरी ४,०००च. तिथले लोक शिक्षणाबद्दल बेफिकीर आहेत असं यातून मुळीच सिद्ध होत नाही. उलट आपल्या ऐपतीच्या मानाने तेच जास्त देत असतात.

हा अन्याय केंद्राने दूर करावा अशी आशा १९७३ साली संपली. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या रॉड्रिगेझ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की देशाच्या राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही. मग लढाई राज्यांच्या न्यायालयांत गेली, कारण शिक्षणाची जबाबदारी राज्यांच्या घटनांमध्ये लिहिलेली आहे. मॅसॅच्युसेट्सची घटना १७८० सालची, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सच्या हातची. तिचाच आधार घेऊन ब्रॉक्टनसारख्या गावांतल्या विद्यार्थ्यांच्या बाजूने मॅकडफी खटला लढला गेला. जून १९९३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: प्रत्येक मुलाला, मग ते गरीब गावातलं असो की श्रीमंत, पुरेसं शिक्षण देणं हे राज्याचं कर्तव्य आहे. राज्य ते काम गावांवर सोपवू शकतं, पण कर्तव्यातून सुटू शकत नाही. तीनच दिवसांत शिक्षण सुधारणा कायद्यावर सही झाली.

राज्याने कुठल्या गावाच्या शाळांना किती अनुदान द्यायचं हे ठरवणारं सूत्र त्या कायद्यातून आलं. त्याला इथे सगळे ‘चॅप्टर ७०’ म्हणतात. मला त्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो क्रम. तिजोरीत किती आहे हा प्रश्न पहिला नाही. आधी गावातल्या मुलांना नीट शिकवायला किती खर्च येईल ते काढतात. हे ‘फाउंडेशन बजेट’. त्यात सगळी मुलं सारखी धरत नाहीत. गरीब घरातल्या मुलासाठी जास्त रक्कम, इंग्रजी न येणाऱ्या मुलासाठीही जास्त. नागपूरहून थेट इथल्या तिसरीत येऊन बसलेल्या, इंग्रजीत अडणाऱ्या मुलीचा वेगळा खर्च या हिशेबात धरलेला असतो. त्यानंतर गावाची ऐपत मोजतात, अर्धी मालमत्तेवरून आणि अर्धी रहिवाशांच्या उत्पन्नावरून. तेवढं गावाने द्यायचंच; उरलेलं राज्य देतं. राज्यभराचा विचार केला तर फाउंडेशन बजेटचे ५९ टक्के गावांचे आणि ४१ टक्के राज्याचे, असं उद्दिष्ट आहे. लॉरेन्ससारख्या गरीब शहरात जवळजवळ सगळा भार राज्य उचलतं. वेस्टनसारख्या श्रीमंत गावालाही आपल्या फाउंडेशन बजेटचे १७.५ टक्के राज्याकडून मिळावेत असं सूत्र सांगतं.

श्रीमंतांना तरी कशाला, असं मलाही आधी वाटायचं. आता वाटतं की ते योग्य आहे. ज्या योजनेतून आपल्या गावाला काहीच मिळत नाही, ती टिकवायला कुठला आमदार भांडेल?

गावाचा वाटा मात्र राहिलाच पाहिजे. आमच्या टाउन मीटिंगमध्ये, म्हणजे गावाचं बजेट मंजूर करणाऱ्या सभेत, शाळेच्या बजेटवर जशी चर्चा होते तशी मी दुसरीकडे पाहिली नाही. निवृत्त गृहस्थ बसच्या कंत्राटाचा आकडा विचारतात, शिक्षिका वर्गातल्या मुलांची संख्या सांगते. खिशातून पैसे जातात म्हणून लोक लक्ष घालतात. पण १९८० च्या ‘प्रपोझिशन अडीच’ कायद्यामुळे, नवीन बांधकामाची भर सोडली तर, गावाची एकूण करवसुली वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. जास्त हवी असेल तर मतदान घ्यावं लागतं. त्याला ‘ओव्हरराइड’ म्हणतात. शिक्षकांचा आरोग्य विमा आणि विशेष गरजांच्या मुलांचा खर्च तर अडीच टक्क्यांत कधीच बसत नाही. मग संगीत शिक्षकाची जागा आधी जाते. ओव्हरराइडच्या वेळी पेन्शनवर जगणारी आजी आणि लहान मुलांची आई एकमेकींसमोर उभ्या राहतात, आणि दोघींचंही म्हणणं खरं असतं. व्हिसावरचे आपले लोक कर भरतात, पण त्यांना मत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

श्रीमंत गावं फाउंडेशन बजेटच्या वर स्वतःचा पैसा हवा तेवढा घालतात, म्हणून दरी पूर्ण बुजलेली नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे सूत्र जुनं होतं. १९९३ चे अंदाज तसेच चालत राहिले आणि विमा व विशेष शिक्षणाचा खरा खर्च कितीतरी पुढे गेला. २०१५ साली राज्याच्याच आयोगाने हे लिहून दिलं, तरी दुरुस्ती २०१९ च्या ‘स्टुडंट ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅक्ट’ने झाली: सात वर्षांत टप्प्याटप्प्याने दीड अब्ज डॉलरची वाढ. मधली चार वर्षं लॉरेन्स आणि ब्रॉक्टनच्या मुलांची गेली.

याही कायद्यात एक फट राहिली. सूत्रातली महागाईची वाढ ४.५ टक्क्यांवर अडवलेली आहे. करोनानंतर महागाई त्याहून वर गेली तेव्हा शाळांचा खर्च वाढला, अनुदान त्या प्रमाणात वाढलं नाही. श्रीमंत गावांनी ओव्हरराइड करून भागवलं असेल. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शहरांना ती सोय नाही. त्या वर्षांची राहिलेली वाढ मूळ रकमेत धरली नाही, तर ती तूट पुढच्या प्रत्येक वर्षाच्या हिशेबात तशीच राहणार. राज्याने ती आधी भरून काढावी आणि मग ही मर्यादा काढून टाकावी.