डिकीत वाकलेलं हेल्मेट

गाडी दारात थांबली तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. मुलाने डिकी उघडली आणि सामानाआधी तापलेल्या फोमचा वास बाहेर आला. फोमच्या चिलखती सूटचा छातीचा भाग मधोमध उकलला होता. दोन कडांमध्ये ग्लूगनच्या गोंदाच्या तारा लोंबत होत्या, अगदी काकवीसारख्या. हेल्मेट मागच्या काचेखालच्या ट्रेवर ठेवलं होतं. त्याची डावी बाजू सपाट झाली होती आणि हनुवटीकडची कड बाहेर वळली होती.

"काकू, सकाळपर्यंत एकदम ओके होतं हो!"

असेलही. नाटक-गॅदरिंगच्या ड्रेपरीच्या, म्हणजे पोशाखांच्या कामात हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. संध्याकाळी सातला त्याचा कार्यक्रम होता. सूट त्याने दोन महिने घरच्या गॅलरीत बसून स्वतः बनवला होता, अंतराळातल्या सैनिकाचा, डिझाइनही स्वतःचंच. सकाळी बापलेक नाशिकच्या गोदाघाटावर फोटो काढून आले, मग सगळं डिकीत टाकून गंगापूर रोडला मिसळ खायला गेले. मार्चअखेरचं ऊन, गाडी उघड्यावर दोन तास. वर द्वारका चौकातला जॅम.

कारण तिथेच सापडलं. सूट ईव्हीए फोमचा, म्हणजे चपलेच्या तळव्यासारख्या स्पंजी शीटचा. हा फोम गरम केला की मऊ होतो, हवा तसा वळतो आणि थंड झाला की तो आकार धरून ठेवतो. पण पुन्हा तापला की त्याला आपलं मूळ रूप आठवतं, आणि मूळ रूप म्हणजे सपाट शीट. बंद गाडीत काचेखाली ऊन थेट पडतं, तिथलं तापमान साठच्या घरात सहज जातं. ग्लूगनच्या कांड्याही त्याच जातीच्या, उष्णतेनेच वितळणाऱ्या. म्हणजे आकार आणि जोड दोन्ही एकाच वेळी सुटले.

दुरुस्तीला हात लावण्याआधी मी सूट अंगावर चढवायला लावते, तुटलेला असला तरी. टेबलावर पडलेल्या सूटवरून त्याची खरी दुखणी कळत नाहीत. उघडलेल्या जोडांना तात्पुरती मास्किंग टेप मारली आणि चार गोष्टी करून बघायला सांगितल्या: दोन्ही हात डोक्यावर ने, स्टुलावर बस, जिन्याच्या पाच पायऱ्या चढून उतर, मान खाली घालून स्वतःचे बूट बघ. चारही जमल्या नाहीत. हात खांद्याच्या रेषेवर आले की खांद्याची पाती जबड्यावर आपटत होती. मांडीचे भाग तिसऱ्या पायरीला गुडघ्यावर उतरले. हेल्मेटची काच दीड मिनिटात धुरकट झाली. हाताच्या भागातून पंजा बाहेर काढताना तर बापाला ओढायला लागलं.

"वहिनी, आधी रंगाचं बघा ना, पोटावर पोपडे निघालेत," वडील म्हणाले.

रंग शेवटी, वेळ उरला तर. प्रेक्षक दहा मीटरवर असतात, त्यांना पोपडा दिसत नाही. मांडीचं कवच घोट्यावर घसरलं तर मात्र शेवटच्या रांगेलाही दिसतं.

खरी चूक टांगण्यात होती. त्याने खांद्याची पाती मागे चिकट असलेल्या वेल्क्रोने छातीला लावली होती, छाती पाठीला वेल्क्रोने, आणि मांड्या नुसत्या घट्टपणावर उभ्या. म्हणजे प्रत्येक तुकडा शेजारच्याच्या भरवशावर. घाम आला की चिकट वेल्क्रो फोमवरून सुटतो, आणि एक सुटला की त्याच्यावर लटकलेले पुढचे दोन सुटतात. चिलखत एकमेकांना जोडायचं नसतं, आतल्या पट्ट्यांवर टांगायचं असतं.

म्हणून आधी पट्ट्यांचा सांगाडा केला. दप्तराला असते तशी ३८ मिमीची नायलॉन निवाड, दोन्ही खांद्यांवरून, पाठीवर फुलीसारखी, खाली ५० मिमीच्या कमरपट्ट्याला शिवलेली. छाती आणि पाठ या निवाडीला. खांद्याची पाती छातीला नाही, तर गळ्याजवळ निवाडीलाच २५ मिमी इलॅस्टिकच्या आखूड तुकड्याने, आणि दंडाभोवती इलॅस्टिकचा दुसरा फेरा. आता हात वर गेला की पातं गळ्याच्या बिजागरीवर फिरून दंडाबरोबर उचललं जातं, जबड्यात घुसत नाही. प्रत्येक मांडीला कमरपट्ट्यापासून दोन दोऱ्या, एक पुढून, एक बाहेरच्या अंगाने, दोन्हींत बॅगेचं बकल. एकाच दोरीवर टांगलं तर चालताना मांडीचा भाग गोल फिरतो आणि पुढची नक्षी बाजूला जाते.

पट्टा फोमला कसा धरायचा, इथे बहुतेकांचं काम फसतं. पट्ट्याचं टोक इंचभर चिकटवलं तर गोंद सुटत नाही, फोमच फाटून त्याच्याबरोबर येतो. पट्टा किमान १०-१२ सेंटीमीटर लांबीला चिकटवायचा आणि त्यावर जाड ड्रिल कापडाचा तळहाताएवढा ठिगळ. रिव्हेट मारायचाच असेल तर दोन्ही बाजूंनी मोठा वॉशर हवा, नुसता रिव्हेट फोममधून निसटून येतो.

मग जोड. ग्लूगनचा गोंद कटरने खरवडला तर त्याच्याबरोबर फोमची कातडी निघते. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिटची बाटली आणली, कडेला थेंब थेंब सोडला की तो गोंद मिनिटभरात पापडासारखा सुटतो. खाली कडा दातेरी निघाल्या. बोथट पात्याची ही सही. फोम पात्याची धार फार लवकर खातो, म्हणून फूट-दोन फूट कापलं की कटरचं टोक मोडून नवं काढायचं. १० मिमी जाडी एका दमात कापायची नाही, दोन फेऱ्यांत, पातं सरळ उभं धरून. पातं कललं की जोडाला बाहेरून फट दिसते, आणि ती फट भरायला मग लोक किलोभर पुटी थापतात.

कडा १२० नंबरच्या सँडपेपरने सारख्या केल्या आणि सोफावाले वापरतात तो पिवळट रबरी गम घेतला, एसआर. दोन्ही कडांना पातळ हात, कापलेली कड पहिला हात पिऊन टाकते म्हणून पाच मिनिटांनी दुसरा. मग दहा मिनिटं काहीही करायचं नाही. याच दहा मिनिटांत उतावळी माणसं जोड वाया घालवतात. ओला असताना दाबला तर आतला थिनर अडकून राहतो आणि जोड आठवडाभर रबरासारखा ताणत बसतो. बोटाची पाठ लावून बघायची. चिकट वाटला पण तार आली नाही, की तयार. जोडताना मधून सुरुवात आणि एकदाच. हा गम दुसरी संधी देत नाही. पावसाळ्यात हेच काम केलं तर थिनर उडताना गमावर हवेतला ओलावा बसतो, पांढुरकी साय येते आणि जोड कागदासारखा उघडतो. तेव्हा हेअर ड्रायर फिरवून मगच दाबायचं. खिडक्या उघड्या, शेजारी गॅस पेटलेला नको. धुळीचा मास्क घासताना उपयोगी, गमाची वाफ त्याने थांबत नाही.

पोरगा हे सगळं फोनवर टिपून घेत होता. मी म्हटलं, लिहू नकोस, ही दुसरी कड तू लाव. लावली, नीट लावली.

हाताच्या भागाचा हिशेब त्याला कुणी सांगितलाच नव्हता. त्याने हाताला क्लिंग फिल्म गुंडाळून वर टेप लावून साचा काढला. पद्धत उत्तम, शरीराचा खरा आकार मिळतो. पण टेपला जाडी नसते, फोमला असते. ६ मिमीचा फोम गोल वळवला की आतला घेर सुमारे दोन सेंटीमीटरने कमी होतो, १० मिमीचा तीनने. त्याच्या हाताचा घेर २६, साचाही २६, म्हणजे आत उरले २४. साच्यात जाडीचे दोन आणि हालचालीचे आणखी तीन सेंटीमीटर वाढवायला हवे होते. शिवाय मूठ मनगटापेक्षा रुंद असते, बंद नळकांडं ती ओलांडून जाणार कसं? आतल्या बाजूने, जिथे कुणी बघत नाही, उभा काप दिला आणि तीन आडव्या इलॅस्टिकने जोडला. वीस मिनिटांत दोन्ही हात मोकळे.

हेल्मेटसाठी शेजारच्यांकडून फुटबॉल मागून आणला. पाच नंबरचा, साधारण २२ सेंटीमीटर रुंद, डोक्याच्या घुमटाला यासारखा साचा नाही. हीटगन, म्हणजे कडक गरम हवा मारणारं यंत्र, एका जागी न ठेवता, १०-१५ सेंटीमीटरवरून फिरती ठेवायची. फोमचा कोरडा पृष्ठभाग हळूहळू ओलसर चमकायला लागतो. ती चमक आली की थांबायचं, पुढे गेलं तर बुडबुडे येतात आणि जळका वास. जाड फोम आतूनही तापवावा लागतो, नाहीतर बाहेरची कातडी वळते आणि आतली तिला परत ओढते. आतल्या बाजूला रंग नव्हता, म्हणून मुख्य ताप तिथूनच दिला, बाहेरून जेमतेम. फुटबॉलवर बसवून ओल्या फडक्याने तीन मिनिटं दाबून धरलं. घुमट परत आला. डाव्या गालावर हलकी लाट राहिली. वडिलांना ती खटकली, मला नाही. लढाईतून आलेल्या सैनिकाचं हेल्मेट आहे, शोरूममधलं नाही.

आता पॉवर बँकेचा घोळ. डोळ्यांत चार पांढरे एलईडी होते, पाच व्होल्टवर प्रत्येकाला १०० ओहमचा रेझिस्टर. हिशेब बरोबर होता, प्रत्येकी सुमारे १८ मिलीअँपिअर. पण लावले की अर्ध्या मिनिटात बंद. त्याने तीनदा वायर बदलली होती. वायरीत काहीच दोष नव्हता. चार एलईडी मिळून जेमतेम ७२ मिलीअँपिअर ओढतात. एवढ्याशा ओढीला बऱ्याच पॉवर बँका फोन चार्ज झाला असं समजतात आणि स्वतःहून बंद होतात.

इकडे काच धुरकट होतच होती. त्याने पंखा बसवलेला होता, ४० मिमीचा, पाच व्होल्टचा, पण वेगळ्या सेलवर, आणि तोंडावर वारा मारणारा. आतली दमट हवा आतच गरगरत होती. पंखा काढून डोक्यामागे उलटा बसवला, हवा बाहेर फेकेल असा, आणि हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढी फट ठेवली. ताजी हवा खालून येते, काचेवरून वर जाते, मागून निघते. काचेला आतून भांड्याच्या साबणाचा एक थेंब पसरवून कोरड्या कपड्याने पुसला. आणि पंखा त्याच पॉवर बँकेवर जोडला. पंख्याचे दीडशे, एलईडीचे सत्तर, आता ओढ पुरेशी झाली. डोळे पेटले ते पेटलेच राहिले. पोरगा पाच मिनिटं घड्याळ लावून बसला होता.

साडेचार वाजले. पोटाचा भाग मी फेकून दिला. कच्च्या फोमवर थेट स्प्रे मारला होता, आणि पोट हा सतत दुमडणारा भाग. खालचा फोम वाकतो, वरचा कडक रंग वाकत नाही, म्हणून तडकतो. आधी हीटगनने भोकं बंद करून वर लवचीक थर, निदान लाकडाच्या फेविकॉलचे पाणी घातलेले चार-पाच हात द्यायला हवे होते. मार्चच्या कोरड्या हवेत एकेक हात वीस मिनिटांत वाळतो, तरी एवढा वेळ नव्हता. त्याऐवजी काळ्या लायक्राच्या पट्ट्यावर ६ मिमी काळ्या फोमच्या दोन बोटं रुंदीच्या आडव्या पट्ट्या लावल्या, मध्ये अर्ध्या सेंटीमीटरची फट ठेवून. वाकताना कापड दुमडतं, फोम नाही. रंगच नाही, तर तडकणार काय!

धुळवडीला आपल्याकडे वीरांची मिरवणूक निघते. त्यातल्या दाजीबा वीराच्या डोक्यावरचं बाशिंग एकदा जवळून बघ म्हटलं त्याला. गर्दीत इतका वेळ चालूनही ते जागचं हलत नाही, कारण बांधणाऱ्याला कुठे आवळायचं ते माहीत असतं.

साडेपाचला पुन्हा त्याच चार परीक्षा. हात वर गेले, पायऱ्या झाल्या, बूट दिसले. बसणं अर्धवट जमलं, मांड्यांचे पुढचे काठ पोटाला टेकत होते. काठ दीड इंच कापले, तरी खोल खुर्ची नकोच, उंच स्टूल. पूर्ण सूट चार किलो दोनशे भरला, घरच्या काट्यावर. वजन फार नाही, उकाड्याचा प्रश्न मोठा. फोम म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेली गादी. आत सुती बनियन नको, घाम धरून ठेवतो. खेळाडूंचा घट्ट टी-शर्ट. वीस मिनिटं झाली की हेल्मेट काढायचं, बरोबरच्या मित्राकडे पाणी आणि स्ट्रॉ, आणि चक्कर वाटली तर त्याने विचारत न बसता बकलं उघडायची. म्हणून सगळी बकलं पुढच्या बाजूला घेतली.

चढवायचा क्रम मी कागदावर लिहून दिला: आधी लघवी. मग बूट, नडग्या, कमरपट्टा, मांड्या, छाती-पाठ, खांदे, हात, हातमोजे, शेवटी हेल्मेट. बूट पहिले, कारण छाती चढली की वाकता येत नाही. पहिल्यांदा अठरा मिनिटं लागली, दुसऱ्यांदा अकरा.

सहाला निघाले. छातीचा भाग मागच्या सीटवर, एसी चालू, हेल्मेट पोराच्या मांडीवर. रंगाचं राहिलंच, वडील म्हणाले. मी काळ्या रंगात भरपूर पाणी घालून एक डबी दिली. फटींत फिरवायचा आणि लगेच पुसायचा, पोपडे त्यात मुरतात, मुद्दाम केल्यासारखे दिसतात.

रात्री साडेनऊला फोन आला. उजव्या नडगीचं इलॅस्टिक शिवणीतून सुटलं होतं, तेवढंच. ती शिवण माझी होती, घाईत एकेरी मारली होती. सोमवारी येऊन दुहेरी मारून घे म्हटलं.