नारोशंकराची घंटा आणि नंदाखालच्या मावशी

लहानपणी माझा आवाज फार मोठा होता. अंगणातून हाक मारली की चौथ्या घरात ऐकू जायची आणि आजी म्हणायची, "आली बघा नारोशंकराची घंटा!" नाशकात वाढलेल्यांना हे नवीन नाही. गोदावरीच्या काठी, पंचवटीत, १७४७ साली बांधलेलं नारोशंकराचं देऊळ आहे आणि त्याच्या नदीकडच्या कोटावर ती मोठी घंटा टांगलेली आहे. बुधवारच्या बाजारात आईचा हात धरून जाताना मी मान वर करून तिच्याकडे बघायचे. ती पोर्तुगीज आहे, तिच्यावर १७२१ साल आहे, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिकडून आलेली, एवढं सगळं शाळेत असतानाच माहीत होतं आणि त्याचा अभिमानही होता. पण ती आधी जिथे वाजत होती तिथे कोण राहत होतं, हे मी चाळीस वर्षांत एकदाही स्वतःला विचारलं नाही.

ते विचारलं गेलं नाताळच्या आठवड्यात. कॉलेजची मैत्रीण विरार वेस्टला राहते, तिच्याकडे तीन दिवस गेले होते. विरार लोकलबद्दल काही लिहीत नाही, संध्याकाळी सहाच्या गाडीत एकदा चढलं की माणूस गप्पच होतो. पहिला दिवस वसई किल्ल्यात गेला. खरं सांगायचं तर मला तिथे त्रास झाला, कारण पडक्या चर्चमध्ये वेलींखाली जिकडे तिकडे लग्नाआधीच्या फोटोंचे कॅमेरे आणि धुराच्या नळकांड्या, आणि त्याच कमानींखाली लोकांचे पूर्वज पुरलेले आहेत, दगडांवर नावं आहेत, त्यावर पाय देऊन पोझ चाललेली. दुसरा दिवस झोपण्यात आणि खाण्यात संपला.

तिसऱ्या दिवशी मैत्रीण म्हणाली, चल आमच्या बाजूचं चर्च दाखवते, तिथे कोणी फोटो काढत नाही. रिक्षाने नंदाखालला गेलो. आता विरारच्या बिल्डिंगी अगदी जवळ येऊन टेकल्यात, पण रस्ता वळला की एकदम केळी, विहिरी आणि पानवेलीचे मळे सुरू होतात. चर्च पवित्र आत्म्याचं, स्थापना १५७३ ची. १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत इथे धर्मग्राम, म्हणजे एका चर्चला जोडलेला भाविकांचा समुदाय, उभं राहिलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी. साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे.

आम्ही पोचलो तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू होती. पूर्ण मराठीत. मी मागच्या बाकावर बसले आणि "हे आमच्या स्वर्गातील बापा" सुरू झाल्यावर माझ्या अंगावर काटा आला, कारण इतक्या लोकांनी एका सुरात म्हटलेलं मराठी मी शेवटचं आजीच्या हरिपाठात ऐकलं होतं. चाल वेगळी, देव वेगळा, पण ओळीच्या शेवटी श्वास घ्यायची पद्धत तीच.

मिस्सा संपल्यावर शेजारच्या बाकावरच्या मावशी बोलायला लागल्या. ऐंशीच्या घरातल्या, लाल लुगडं, गळ्यात सोन्याची माळ. आपसात त्या कादोडी, म्हणजे इथली बोली, बोलतात, माझ्यासाठी सावकाश मराठी. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, अर्थ कळायचा नाही पण सगळं पाठ, आणि मग साठच्या दशकात व्हॅटिकनच्या परिषदेनंतर एकदम मराठी आलं तेव्हा त्यांची आई रडली होती, "देवाला आपलं बोलणं कळतं" म्हणून.

मी म्हटलं, मी नाशिकची. त्यांनी लगेच विचारलं, "ती घंटा तुमच्याकडेच ना? आमच्या इकडून नेलेली?"

मला काय बोलावं सुचेना. हो म्हणाले आणि उगाच माफी मागितल्यासारखं काहीतरी पुटपुटले. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, लढाईत असंच होतं बाई, आमच्या लोकांनी निर्मळचं देऊळ पाडलं होतं, मग पेशव्यांच्या माणसाने परत बांधलं, आता कार्तिकात यात्रेला आम्ही पण जातो, सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी तिथूनच आणतो. हे निर्मळ नंदाखालहून फार लांब नाही. तिथलं विमलेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केलं आणि १७३९ नंतर सरसुभेदार शंकराजी केशव फडक्यांनी ते पुन्हा उभारलं. या पट्ट्यातल्या चर्चचीही त्या लढाईत पडझड झाली, पोर्तुगीज पाद्री निघून गेले, राहिले ते इथलेच शेतकरी, इथलेच कोळी. त्यांना कुठे जायचं होतं? मराठ्यांचं राज्य आलं, मग इंग्रजांचं, आणि ते आपले रविवारी येत राहिले, पार १९९८ ला वसईचा वेगळा धर्मप्रांत, म्हणजे स्वतंत्र बिशपचा प्रदेश, होईपर्यंत आणि त्यानंतरही. मला शाळेत सांगितलेली वसईची गोष्ट मे १७३९ मध्ये किल्ला पडला की संपायची. या बाकांवर बसलेल्या माणसांचं त्यात काहीच नव्हतं. याचा मला मनापासून राग आला, तिथे बसल्या बसल्याच.

मग मावशींनी विचारलं, "वाजते का अजून ती?"

आवाज कसा आहे, कोण वाजवतं, सकाळी का संध्याकाळी. मी एवढंच सांगू शकले की मी तिला फक्त बघितलंय, वाजताना कधी ऐकलेलं नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बाहेर पोरं नाताळच्या गोठ्याला दिव्यांच्या माळा लावत होती. तेवढ्यात इथली संध्याकाळची घंटा झाली, मावशी उठून उभ्या राहिल्या, ओठ हलत होते, मीही उभी राहिले.

निघताना त्यांनी घरी नेलंच. केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी दिली, पैसे घेतले नाहीत, चहा न पिता सोडलं नाही. पाहुणचार म्हणजे काय हे मला कोकणात दर वेळी नव्याने कळतं, आणि शहरातल्या माझ्या घराची लाज वाटते जिथे बेल वाजली की आधी कपाळाला आठी पडते. फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, घंटेचा फोटो पाठव, जवळून काढ.

नाशिकला आल्यावर पहिल्याच बुधवारी नदीवर गेले. खालून जमेल तेवढा झूम करून सहा-सात फोटो काढले, भाजीवाली विचारत होती काय झालं म्हणून. मैत्रिणीच्या फोनवर पाठवले. रात्री तिचा मेसेज आला, मावशींनी चष्मा लावून, बोटांनी मोठा करून आकडे शोधले आणि घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले, एक, सात, दोन, एक.