४,२९,४९,६७,२९७

स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं, तेव्हा आठवणींऐवजी आताच्या मुलांना एक संख्या द्यावीशी वाटली. आपल्या फळ्यावर शिकलेल्या अंकगणितावर ती जवळजवळ पूर्ण उलगडते.

२चा ३२वा घात, अधिक १. फ्रेंच गणिती फर्माला ती मूळ वाटत होती, कारण याच घराण्यातल्या (२चा १ला, २रा, ४था, ८वा, १६वा घात, अधिक १) ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मूळच आहेत. १७३२ साली गणिती ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ने पूर्ण भाग जातो.

आधी नेहमीच्या कसोट्या लावा. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ बाद. ७, ११, १३ एकदम तपासायला उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने वजा-अधिक करा: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. तिघांपैकी कुणाचाच ३८०ला भाग जात नाही. (७ × ११ × १३ = १००१, म्हणून ही युक्ती चालते.) पण असंच रेटत गेलात तर वर्गमुळापर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत!

म्हणून भागण्याआधी विचार करायचा. 'प' या मूळ संख्येने भाग जात असेल, तर २च्या ३२व्या घाताला 'प'ने भागून बाकी −१ (म्हणजे पूर्ण भागाला १ कमी) उरते आणि ६४व्या घाताला १. म्हणजे २च्या घातांच्या बाक्या बरोबर ६४ पायऱ्यांनी फिरून येतात. आणि २च्या (प − १)व्या घाताची बाकीही १च असते (हे फर्माचंच छोटं प्रमेय), त्यामुळे प − १ला ६४ने भाग जायलाच हवा. उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचवीलाच काम फत्ते.

६४१चा पडताळा तर भागाकार न मांडताही होतो, आणि ही जागा मला फार प्रिय आहे. ६४१ = ६४० + १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २चा ७वा घात; त्याची बाकी −१. चौथा घात घ्या: ६२५ गुणिले २चा २८वा घात, बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणून ६२५च्या जागी −१६ ठेवा. २च्या ३२व्या घाताची बाकी −१ आली, झालं!

दुसरा अवयव ६७,००,४१७. त्याचं वर्गमूळ २,५८८च्या आसपास. थोडं वरच्या इयत्तेचं गणित वापरलं तर विभाजक १२८च्या पटीपेक्षा १ने मोठा असावा लागतो. मग २५७, ६४१, ७६९, १,१५३, १,४०९ एवढ्याच तपासायच्या. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणजे तो मूळ.

संगणकावर करणाऱ्यांनी एक सांभाळा. ३२ बिटांच्या चिन्हरहित (ऋण संख्या न ठेवणाऱ्या) चलात जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ मावतात. आपली संख्या तिथे उलटून १ होते, आणि ६४१ने भागल्यावर बाकी १ दिसते. चूक प्रोग्रॅममध्ये शोधत बसू नका. ६४ बिटांचा चल घ्या.

आणि हे वहीत हाताने करा: ६५,५३६चा वर्ग अधिक १चा वर्ग, तसंच ६२,२६४चा वर्ग अधिक २०,४४९चा वर्ग. दोन्ही बेरजा हीच संख्या देतात. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत फार तर एकाच प्रकारे मांडता येते. म्हणजे एकही विभाजक हाती नसताना ही संयुक्त ठरते.